संग्रहालयांच्या साइटवरच्या चित्रांच्या नोंदी वाचताना अडलंय, मदत हवी आहे

रेघोट्या

दिवाळी अंकासाठी एक सचित्र लेख करायचा आहे: अर्धा मुघल लघुचित्रांवर, अर्धा रविवर्मा छापखान्याच्या चित्रांवर. चित्रं परदेशी संग्रहालयांच्या साइटवरून घ्यायची आहेत. चित्र सापडतं, पण त्याखालची माहिती नीट उमगत नाही. उदाहरणादाखल न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधलं १३.२२८.२७ बघा. सिकंदराला काचेच्या पात्रात बसवून समुद्रात सोडतायत, ते चित्र. माझे प्रश्न:

१. नोंदीत तीन नावं आहेत: अमीर खुसरो, मुहम्मद हुसेन काश्मिरी, मुकुंद. चित्रकार नक्की कोण?
२. साल '१५९७–९८' दिलंय. म्हणजे चित्राला दोन वर्षं लागली का?
३. १३.२२८.२७ या आकड्यात काही अर्थ आहे, की नुसता अनुक्रमांक?
४. 'ओपेक वॉटरकलर' म्हणजे जलरंगच ना? मग दुसरीकडे 'गम टेंपेरा' का लिहितात?
५. मापं दोन-तीन असतात. लेखात कोणतं द्यायचं?
६. छापील चित्रांवर 'आफ्टर राजा रविवर्मा' असतं. म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतरचं?
७. हे फोटो अंकात छापता येतील का?

---

जुनंपुराणं

पहिल्याचं आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात.

हे चित्र म्हणजे एका हस्तलिखिताचं सुटं पान आहे. हस्तलिखिताला तीन कर्ते असतात आणि मेट (म्हणजे मेट्रोपॉलिटन म्युझियम) तिघांची नावं देतं. नावापुढची भूमिका वाचा. 'ऑथर' म्हणजे मजकुराचा कवी. अमीर खुसरो १३२५ साली वारला, हे पान त्याच्यानंतर पावणेतीनशे वर्षांनी झालं. 'कॅलिग्राफर' म्हणजे तो मजकूर लिहून काढणारा, इथे मुहम्मद हुसेन काश्मिरी. चित्राचा माणूस मुकुंद, आणि त्याच्या नावाआधी 'ॲट्रिब्युटेड टू' आहे.

या शब्दाचा अर्थ असा की चित्रावर सही नाही, अभ्यासकांनी हाताच्या वळणावरून ते त्याचं ठरवलंय. उद्या मत बदलू शकतं. या घराण्यातले बाकीचे शब्दही एकदा समजून घ्या. 'वर्कशॉप ऑफ' म्हणजे त्याच्या कारखान्यात, त्याच्या नजरेखाली झालेलं. 'सर्कल ऑफ' म्हणजे त्याच्या काळातला, त्याच्या जवळपासचा कुणी अनामिक. 'फॉलोअर ऑफ' मध्ये ती जवळीक गृहीत नाही, पुढच्या पिढीचाही असेल. 'मॅनर ऑफ' म्हणजे फक्त धाटणी त्याची, चित्र कितीही नंतरचं असू शकतं. जसजसे खाली याल तसतसा त्या माणसाचा चित्राशी संबंध पातळ होत जातो. मराठीत येताना या सगळ्यांचं सरसकट 'अमक्याचं चित्र' होतं, आणि तिथेच घोळ होतो.

मुघल चित्रांत आणखी एक गंमत आहे. समासात खाली लाल किंवा काळ्या शाईत नाव असतं, त्याला नोंदीत 'इन्स्क्राइब्ड' म्हणतात. ते 'साइन्ड' नव्हे. बऱ्याचदा ते दरबारी ग्रंथालयातल्या कारकुनाने टिपलेलं असतं. अकबराच्या काळात 'तरह' एकाची, 'अमल' दुसऱ्याचा अशी विभागणीही सापडते: आखणी उस्तादाची, रंगकाम दुसऱ्याचं, कधी 'चेहरा नामी' म्हणून माणसांचे चेहरे तिसऱ्याचे. अशा वेळी नोंदीत दोन-तीन चित्रकार दिसले तर ती चूक समजू नका.

---

वाळवी

२ आणि ३ माझ्याकडे.

१५९७–९८ म्हणजे दोन वर्षं लागली असं नाही. जुन्या पोथ्यांवर साल हिजरी किंवा बादशहाच्या राज्यवर्षात असतं आणि ते १ जानेवारीला सुरू होत नाही. हिजरी १००६ हे ऑगस्ट १५९७ ते ऑगस्ट १५९८ असं पसरलेलं आहे. अकबराचं ४२वं इलाही वर्ष मार्च १५९७ ते मार्च १५९८. महिना माहीत नसेल तर दोन्ही इसवी सालं द्यावीच लागतात. अर्थ एकच: या बारा महिन्यांत कधीतरी.

पण '१६४०–५०' दिसलं तर गोष्ट वेगळी. तो अंदाज आहे, त्या दशकात कधीतरी. 'सर्का' किंवा नुसता 'सी.' असेल तर दोन्हीकडे पाच-दहा वर्षांची ढील धरा. तिरकी रेघ असेल, म्हणजे '१०२०/१६११–१२' असं, तर डावीकडे हिजरी आणि उजवीकडे इसवी. ताडून पाहायचं असेल तर हिजरीला ०.९७ने गुणून ६२२ मिळवा. १०२०चे ९८९.४, अधिक ६२२, म्हणजे १६११.४. बरोबर बसतं.

राजस्थानी चित्रांवर विक्रम संवत असतो: ५७ वजा करा, आणि पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला ५६. गुजरातेत संवत कार्तिकात बदलतो, तिथे आणखी जपून. आपल्याकडच्या छापील वा हस्तलिखित मजकुरात शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी उजाडल्यावर फाल्गुन संपेपर्यंत ७९.

आता क्रमांक. हा 'ॲक्सेशन नंबर', म्हणजे वस्तू संग्रहात दाखल झाल्याची नोंद. मेटमध्ये १३ म्हणजे १९१३ (संग्रहालयच १८७०चं, त्यामुळे १८१३ असू शकत नाही), २२८ म्हणजे त्या वर्षी आलेला दोनशे अठ्ठाविसावा गठ्ठा, २७ म्हणजे त्यातली सत्ताविसावी वस्तू. अलीकडच्या नोंदींत सालाचे चारही आकडे असतात. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड संग्रहालयाचं तूतीनामा (पोपटाने सांगितलेल्या गोष्टींचं मुघल हस्तलिखित) १९६२.२७९ आहे, पुढे पानाचा आकडा आणि ए किंवा बी, म्हणजे पानाची बाजू. ब्रिटिश म्युझियम तारीखही देतं: अमरावतीच्या शिल्पांचा गठ्ठा १८८०,०७०९ म्हणजे ९ जुलै १८८०, पुढे बिंदू देऊन वस्तूचा आकडा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये साल शेवटी येतं: अकबरनाम्याची पानं 'आय.एस. २:…-१८९६'. आय.एस. म्हणजे इंडियन सेक्शन. टिपूचा वाघ २५४५(आय.एस.) आहे, त्यात साल मुळीच नाही.

म्हणजे क्रमांकातलं साल चित्राचं नव्हे, संग्रहालयात येण्याचं. १९१३ बघून 'विसाव्या शतकातलं चित्र' असं लिहिलेलं सर्रास दिसतं.

शोधताना आकडे इंग्रजी कळफलकावरून टाका आणि स्वल्पविराम, बिंदू, शून्य यांतलं काहीही गाळू नका. ब्रिटिश म्युझियमच्या क्रमांकात मधेच एकटा ० येतो. तो निरुपयोगी वाटतो, पण काढला की नोंद सापडत नाही.

---

शाईचा डाग

४: ओपेक वॉटरकलर, गॉश, बॉडीकलर, गम टेंपेरा ही लघुचित्रांच्या बाबतीत जवळपास एकाच गोष्टीची नावं आहेत. खनिज वा वनस्पतिजन्य रंग डिंकात कालवून, खालचा कागद दिसणार नाही असा दाट थर. मेट आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट 'ओपेक वॉटरकलर' म्हणतात, क्लीव्हलँड 'गम टेंपेरा' लिहितं. म्हणून दोन संग्रहालयांतल्या दोन पानांवर वेगळे शब्द दिसले तर 'तंत्र वेगळं होतं' असा निष्कर्ष काढू नका. मराठीत 'अपारदर्शक जलरंग' लिहा. नुसतं 'जलरंग' लिहिलंत तर वाचकाला पातळ, पारदर्शक चित्रण वाटेल. आणि 'गोल्ड' म्हणजे बहुतेक वेळा वर्ख चिकटवलेला नाही, सोन्याची पूड डिंकात मिसळून कुंचल्याने लावलेली.

५: माप नेहमी उंची गुणिले रुंदी. आधी इंच, मग कंसात सेंटिमीटर, ही मेटची पद्धत. 'इमेज' म्हणजे फक्त चित्राची चौकट, 'पेज' किंवा 'शीट' म्हणजे समासासकट अख्खं पान. कधी 'साइट' असतं, म्हणजे फ्रेममधून दिसतं तेवढंच. समास बऱ्याचदा नंतर जोडलेला असतो, म्हणून नोंदीत समासाचं साहित्यही वेगळं सांगतात.

कोणतं द्यायचं ते फोटोवर ठरतं. फोटोची उंची पिक्सेलमध्ये घेऊन रुंदीने भागा, नोंदीतलं मापही तसंच भागा. समजा इमेज २४ × १६ सेंमी, म्हणजे १.५. फोटो ३००० × २००० असेल तर तो चित्राचाच. भागाकार १.३ आला तर फोटोत समास आलाय, मग पानाचं माप द्या. अर्ध्या मिनिटाचं काम, पण छापील लेखांत हे फारसं कुणी करत नाही.

'रेक्टो–व्हर्सो' दिसलं तर: पानाची पहिली बाजू आणि मागची बाजू. फारसी पोथी उजवीकडून उघडते, त्यामुळे उघड्या पोथीत रेक्टो डाव्या हाताला येतं. इंग्रजी पुस्तकाच्या बरोबर उलट.

---

कागदी घोडा

६वर थोडं सविस्तर, कारण हा आपल्या घरचा विषय.

'आफ्टर' म्हणजे 'नंतर' नव्हे. 'मूळ चित्र रविवर्म्यांचं, ही छापील प्रत दुसऱ्यांनी केलेली' एवढाच अर्थ. छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि काही वर्षांत मळवलीला, कार्ल्याजवळ गेला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. रविवर्मा १९०६ साली गेले तरी छपाई चालूच राहिली. त्यामुळे १८९५चं चित्र आणि १९१५चं चित्र, दोन्हींवर 'आफ्टर'च असणार.

काळ ठरवायचा तर चित्राच्या खालच्या कडेला बारीक अक्षरात छापखान्याचं नाव-गाव असतं, ते फोटो मोठा करून वाचा. मुंबई असेल तर सुरुवातीचं, कार्ले किंवा लोणावळा असेल तर नंतरचं. कड कापून फ्रेम केलेली असेल तर हा पुरावाच गेलेला असतो, मग नोंदीत 'सर्का' येतं.

'क्रोमोलिथोग्राफ' म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा दगड वापरून केलेली शिळाछपाई. तिला तैलचित्राचा भास यावा म्हणून वर व्हार्निश दिलं, पोत उमटवला की 'ओलिओग्राफ'. नोंदींत हे दोन्ही शब्द सैलपणे वापरतात.

शोधताना जुनी स्पेलिंगं लागतात. पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याची चित्रं 'पुणे' टाकून मिळत नाहीत, 'पूना' टाका. अहमदनगरच्या निजामशाही रागमाला शोधताना 'अहमद' आणि 'अहमेद' अशी दोन्ही स्पेलिंगं टाका, शिवाय 'नॉर्दर्न डेक्कन'. चित्रकथीची पानं 'पैठण' नावाखालीही बघा.

---

वाळवी

७ राहिलाच. मेटने फेब्रुवारी २०१७ पासून आणि क्लीव्हलँडने जानेवारी २०१९ पासून स्वामित्वहक्कमुक्त वस्तूंचे फोटो 'सीसी झीरो', म्हणजे कुणालाही विनाअट वापरायला मोकळे, केलेत. फोटोजवळ 'पब्लिक डोमेन' किंवा 'ओपन ॲक्सेस' असेल तर छापा, परवानगी नको, पैसेही नकोत. ब्रिटिश म्युझियमचा परवाना बिगरव्यावसायिक वापरापुरता आहे. दिवाळी अंक विकला जातो, त्यात जाहिराती असतात, म्हणजे तो व्यावसायिकच. तिथून फोटो रीतसर मागवावा लागेल. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या अटी त्यांच्या साइटवर वाचून घ्या. संग्रहालयात उसन्या आलेल्या वस्तूंना मेटचा मोकळा परवानाही लागू नसतो.

---

जुनंपुराणं

न विचारलेली एक गोष्ट: 'क्रेडिट लाइन' आणि 'प्रॉव्हेनन्स' वेगळं. 'गिफ्ट ऑफ अलेक्झांडर स्मिथ कॉक्रन, १९१३' ही क्रेडिट लाइन, ती छापणं शिष्टाचाराचं. 'रॉजर्स फंड' असेल तर रॉजर्सने ते चित्र विकलं किंवा कधी पाहिलं असं नाही. १९०१ साली वारलेल्या त्या कारखानदाराच्या मृत्युपत्रातल्या पैशातून खरेदी झाली, इतकंच.

प्रॉव्हेनन्स म्हणजे मालकांची साखळी. तिथे मेट चौकोनी कंसात दलालांची आणि विक्रेत्यांची नावं देतं. 'बाय १९३०' म्हणजे '१९३०पर्यंत तरी त्याच्याकडे होतं', '१९३० साली घेतलं' नव्हे. साखळीत मोठी फट असली तर ती फट म्हणूनच सांगा, अंदाजाने भरू नका.

आणि हो, या हस्तलिखिताचा उरलेला भाग बाल्टिमोरच्या वॉल्टर्स म्युझियममध्ये डब्ल्यू.६२४ क्रमांकाखाली आहे. तीही पानं ऑनलाइन दिसतात. सुटं पान त्याच्या पोथीशेजारी ठेवून बघितलं की बरंच कळतं.

---

रेघोट्या

सगळ्यांचे आभार. ओळ अशी केली, बघा:

सिकंदर समुद्रात उतरतो. अमीर खुसरोच्या 'खम्सा' या पाच काव्यांच्या संचाच्या हस्तलिखितातलं पान. चित्र: मुकुंद. सुलेखन: मुहम्मद हुसेन काश्मिरी. १५९७–९८. कागदावर शाई, अपारदर्शक जलरंग व सोनं. मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्ट, न्यूयॉर्क. अलेक्झांडर स्मिथ कॉक्रन यांची देणगी, १९१३. क्र. १३.२२८.२७.

---

जुनंपुराणं

'चित्र: मुकुंद' चालणार नाही. 'चित्र मुकुंदचं मानलं जातं' असं करा. फाइलच्या नावात क्रमांक इंग्रजी आकड्यांत ठेवा, नाहीतर अंकाच्या मांडणीत चित्रांची अदलाबदल होते.

---

रेघोट्या

केलं. आणि रविवर्म्यांच्या चित्राखाली 'आफ्टर'ला काय लिहू?

---

कागदी घोडा

'राजा रविवर्मा यांच्या मूळ चित्रावरून', पुढे छापखान्याचं नाव आणि कडेवर वाचता आलं तर गाव.