सिलिअ‍ॅक आणि आयजीएची कमतरता : वारंवार होणाऱ्या संसर्गाचे मूळ कसे शोधावे?

नमस्कार. माझे वय 38 असून मला सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार, असल्याचे 14 महिन्यांपूर्वी निश्चित झाले. त्याआधी दोन वर्षे लोहाच्या गोळ्या घेऊनही माझे हिमोग्लोबिन 9 च्या वर सरकत नव्हते. टीटीजी-आयजीए ही सिलिअ‍ॅक शोधणारी, आयजीए प्रकारच्या प्रतिपिंडावर आधारलेली रक्ततपासणी तेव्हाच झाली होती. ती निर्दोष आली आणि विषय तिथेच मिटला. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी एकूण आयजीए मोजायला सांगितले, तर ते दर डेसीलिटरला 7 मिलिग्रॅमपेक्षाही कमी निघाले. जे प्रतिपिंड शरीरात तयारच होत नाही, ते तपासणीत दिसणार कुठून? मग आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडावर आधारित तपासणी झाली, दुर्बिणीतून लहान आतड्याचे तुकडे घेतले गेले आणि आतड्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे, म्हणजे रसांकुर, सपाट झाल्याचे दिसले.

तेव्हापासून गहू, जव आणि राय पूर्ण बंद आहेत. सुरुवातीचे चार महिने तरीही पोट बिघडत राहिले, आणि त्याचे कारण अखेर स्वयंपाकघरातल्या चाळणीत सापडले. धुऊन स्वच्छ दिसणारी ती चाळण उजेडात धरली, तेव्हा जाळीच्या कडेला गव्हाच्या पिठाची वाळलेली पांढरी रेघ दिसली. माझे पीठ त्याच चाळणीतून चाळले जात होते. ती बदलल्यावर पोट सावरले, आणि हिमोग्लोबिन आता 12 च्या पुढे आहे.

संसर्ग मात्र थांबलेले नाहीत. गेल्या वर्षभरात तीनदा सायनसचा त्रास आणि एकदा न्यूमोनिया झाला. भेटेल तो ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे काहीतरी घे’ असे सुचवतो, आणि खरे सांगायचे तर मला आता त्याचा वैताग येतो, कारण या आजारात प्रतिकारयंत्रणा ग्लुटेनच्या निमित्ताने स्वतःच्याच आतड्यावर उलटते. तिच्यातले नेमके काय वाढवायचे, हे कोणीच सांगत नाही. दुसरीकडे, नाक, घसा आणि आतडे यांच्या ओलसर अस्तरावर पहारा देणारे प्रतिपिंड आयजीएच असल्यामुळे माझ्यातली उणीवही खोटी नाही. शिवाय सिलिअ‍ॅकच्या काही प्रौढ रुग्णांमध्ये प्लीहेचे काम मंदावते, आणि न्यूमोकोकससारख्या जिवाणूंना रोखण्यात प्लीहेचा मोठा वाटा असतो. मला झालेला न्यूमोनिया कोणत्या कारणाच्या खात्यावर मांडायचा, हे मला ठरवता येत नाही.

ज्यांना सिलिअ‍ॅकबरोबर आयजीएची कमतरता आहे, त्यांचे अनुभव मला हवे आहेत. आहार काटेकोर झाल्यावर तुमचे संसर्ग कमी झाले का, आणि त्याला किती काळ लागला? प्लीहेच्या कामाचा अंदाज घेण्यासाठी रक्ताच्या काचपट्टीवर हॉवेल-जॉली बॉडीज (तांबड्या पेशींत उरलेले केंद्रकाचे अवशेष) पाहिल्या जातात, असे कळते. ती तपासणी कोणाची झाली आहे का? न्यूमोकोकसची लस कोणाला सुचवली गेली? हिपॅटायटिस बी च्या लशीचा प्रतिसाद सिलिअ‍ॅकमध्ये कधी कधी अपुरा पडतो, म्हणून तिची प्रतिपिंडे कोणी पुन्हा मोजून घेतली का? आणि आहार पाळूनही सिलिअ‍ॅकच्या आयजीजी तपासणीचा आकडा संथपणे उतरत असेल, तर तुमच्या डॉक्टरांनी त्यावर विसंबून राहायला सांगितले की पुन्हा दुर्बिणीची तपासणी केली?

औषधाचा सल्ला मी येथे मागत नाही. पुढच्या महिन्यात पोटविकारतज्ज्ञांची भेट ठरली आहे आणि ती पंधरा मिनिटांत संपते, त्यामुळे वरच्यापैकी कोणता प्रश्न आधी विचारावा, एवढे जरी कोणी अनुभवाने सांगितले तरी चालेल.