सही नाही म्हणजे करारच नाही?
बऱ्याच जणांना वाटतं की सही नाही म्हणजे करारच नाही, पण तसं नसतं हो, बरेचसे करार तोंडीही होतात (जमीनजुमल्याचं बहुतेक ठिकाणी वेगळं), फक्त नंतर सिद्ध करताना नाकी नऊ येतात. खरी मेख होकारात आहे. ऑफर जशीच्या तशी मान्य करावी लागते, किंमत बदललीत की ती तुमची नवी ऑफर आणि जुनी संपली. इंग्लंडमधल्या १८४० च्या हाईड विरुद्ध रेंच खटल्यात हेच झालं, शेत १००० पौंडाला देऊ केलेलं, घेणारा ९५० म्हणाला, मालकाने नकार दिल्यावर हा परत १००० ला तयार, तर कोर्ट म्हणालं करार झालाच नाही! त्यामुळे घासाघीस करायची तर स्वतःचा आकडा देण्याआधी 'किंमत कमी होईल का' एवढं नुसतं विचारून बघा, आणि ठरलेलं सगळं मेलवर लिहून समोरच्याचा होकार घ्याच.