ज्वारीचं धिरडं डब्यात मऊ कसं ठेवायचं? मदत हवी आहे

मुलगी साडेचार वर्षांची आहे. वरणभात, दही आणि तूप-साखर लावलेली चपाती, एवढंच खाते. वजन ठीक आहे, ॲलर्जी नाही, डॉक्टरांनाही दाखवलंय. पण आम्ही सोलापूरकर, घरात दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, आणि ती भाकरीला हात लावत नाही.

दुधात कुस्करून दिली, दोन घास खाऊन थांबली. मेथीचे धपाटे केले तर हिरवं दिसलं म्हणून ताट सरकवलं. शेंगाचटणी मात्र तिखट अगदी कमी घालून दह्यात कालवली, ती बोटांनी चाटून खाल्ली! ज्वारीच्या पिठाचं धिरडंही तव्यावरून गरम दिलं तर खाते, पण डब्यात गार झालं की चिवट होतं आणि तसंच परत येतं. चवीपेक्षा तिला तो चिवटपणाच खटकतो, असं मला वाटतं.

शाळा सकाळची, हाताशी वीस मिनिटं. घरात अंडं चालत नाही, ओव्हन नाही. जबरदस्ती करायची नाहीये.

गार झाल्यावरही मऊ राहावं म्हणून ज्वारीच्या पिठात काय मिसळता, रात्री भिजवलेली उडीद डाळ की ताक-रवा, आणि वाटीभर पिठाला किती? लाल भोपळा उकडून त्यातच कुस्करला तर धिरडं तव्याला चिकटतं का?