‘स्मोक ऑन द वॉटर’ : यश केवळ सोप्या रिफचे?

खर्जप्रेमी : डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचे हे गाणे ‘कुणालाही वाजवता येते म्हणून गाजले’, असे काल इथे ठामपणे लिहिले गेले, ते वाचून राहवले नाही. हे गाणे असलेला ‘मशीन हेड’ हा अल्बम मार्च १९७२ मध्ये आला, तेव्हा सिंगल म्हणून, म्हणजे एका गाण्याची स्वतंत्र तबकडी म्हणून, त्यातले ‘नेव्हर बिफोर’ निवडले गेले आणि ते फारसे चालले नाही. ‘स्मोक’ अमेरिकेत सिंगल म्हणून निघाले ते १९७३ मध्ये, आणि तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढले. मधल्या वर्षात रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी सुरावट) काही अधिक सोपा झाला नव्हता. जपानमधल्या मैफलींचे ध्वनिमुद्रण मात्र लोकांपर्यंत पोहोचले होते.

स्पष्टवक्ता : ब्रिटनमध्ये हेच सिंगल १९७७ साली निघाले आणि एकविसाव्या क्रमांकावर थांबले, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. शब्द तर वर्तमानपत्री बातमीचेच आहेत : स्वित्झर्लंडमधले माँत्रो, अमेरिकी संगीतकार फ्रँक झापाची मैफल, कुणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा प्रकाशगोळा उडवणारे पिस्तूल) झाडली, कॅसिनो जळाला. आमच्या गिटारच्या क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात एका तारेवर हे गाणे शिकवले गेले, आणि गल्लीतली चार मुले ते माझ्याहून बरे वाजवू लागली. याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

जुनी तार : तुमच्या क्लासने तुम्हाला फसवले, त्याची शिक्षा बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर याला कशासाठी? तो एका तारेवरचा रिफ नव्हेच. षड्ज-मध्यम अंतराच्या जोड्या, दोन्ही तारा एकाच वेळी बोटांनी खेचून, पिक (तारा छेडायची छोटी चकती) न वापरता वाजवायच्या असतात. मी स्वतः सहा वर्षे चुकीचे वाजवले आणि एका स्नेहसंमेलनात, भर सभागृहात, ज्येष्ठ वादकाकडून बोलणी खाल्ली, म्हणून हे पोटतिडकीने सांगतो.

स्पष्टवक्ता : श्रोत्याने रेडिओवर गाणे ऐकताना बोटे मोजायची असतात, हे ठाऊक नव्हते. आभारी आहे.

खर्जप्रेमी : आणि घडलेली घटना सांगणे हा दोष कधीपासून झाला? पोवाडा दुसरे काय करतो? ४ डिसेंबर १९७१ ची ती आग बँडने डोळ्यांनी पाहिली; ध्वनिमुद्रणाची ठरलेली जागाच जळाल्यामुळे त्यांना अखेर रिकाम्या ग्रँड हॉटेलात काम करावे लागले.

स्पष्टवक्ता : काल रात्री, दार लावून, बोटांनी वाजवून पाहिले. फरक आहे, एवढे मान्य. चौथ्या क्रमांकाचे श्रेय मात्र बोटांना देणार नाही.

जुनी तार : पिक ठेवलीत ना बाजूला? मग क्रमांकाचे श्रेय खुशाल तुमच्याकडेच ठेवा.