सकाळी इंजिनचा बेल्ट किंचाळतो, ताणू की बदलू?

60 हजार किमी झाले. पावसाळ्यात गाडी सुरू करताना अल्टरनेटर, एसी फिरवणारा हा बेल्ट ओरडतो, एसी लावला की जास्तच. ऑटो टेन्शनर (बेल्ट आपोआप ताणून धरणारा) आहे. नवा बेल्ट टाकू का?

↳ आधी पाणी मारून बघा. इंजिन चालू असताना खाचांच्या बाजूला लांबूनच फवारा द्या, हात-बाही दूर. आवाज क्षणभर थांबला तर पुली तिरकी. वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे टेन्शनर ढिला किंवा खाचा झिजलेल्या.

↳ भेगा नाहीत म्हणून बेल्ट चांगला समजू नका. आताच्या बेल्टचं ईपीडीएम रबर सहसा भेगाळत नाही, झिजतं. काढण्यापूर्वी बेल्टच्या मार्गाचा फोटो घ्या. बेल्ट उतरवला की आयडलर (बेल्टला वळण देणारी मोकळी पुली) हाताने फिरवा. खरखरला तर तोही बदला. बसवताना एक खाच पुलीबाहेर राहिली तर कडा उसवते.

↳ आणि बेल्टवर आवाज बंद करायचा बाजारातला स्प्रे नको. धूळ चिकटते फक्त.