मदत हवी आहे: उभ्याने पखवाज वाजवताना लय अंगात कुठे धरायची?

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं पखवाज वाजवतेय, पण सगळं बसून. आमच्या महिला भजनी मंडळात दर एकादशीला भजन असतं, तिथे साथ माझीच असते. धुमाळी, दादरा, केरवा, भजनी ठेका आणि झेपेल तेवढा चौताल. यंदा मंडळाने ठरवलंय की आषाढीला माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड एका दिंडीत चालायचं. वाटेत थोडा वेळ भजन आमच्या बायकांकडे असणार आहे, म्हणजे पखवाज माझ्या गळ्यात. तीन आठवड्यांपूर्वी उभ्याने सराव सुरू केला आणि तेव्हापासून माझी लय जागेवर राहत नाही.

नेमकं काय होतं ते सांगते. बसून वाजवताना पखवाज समोर आडवा, जमिनीला घट्ट असतो. मांडीखाली दुमडलेल्या उजव्या पायाचा अंगठा आपोआप हलतो, समेला, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेला, मान जराशी खाली जाते, कालावर, म्हणजे टाळी न देण्याच्या मात्रेवर, डावं कोपर सैल सुटतं. यातलं काहीच मी कधी ठरवून केलं नव्हतं. उभी राहिले तेव्हा कळलं की माझी लय या तीन जागी ठेवलेली होती. आता अंगठ्यावर सगळ्या अंगाचा भार येतो, पट्टा मानेत रुतल्यामुळे मान हलत नाही आणि पखवाज झुलत असल्याने कोपर त्याच्यामागे धावत राहतं.

एका जागी उभी असले तर पाच-सात मिनिटं निभतं. पावली, म्हणजे ठेक्यावर नाचत टाकायची पावलं, सुरू झाली की लय घसरते. परवाच्या सरावाचं रेकॉर्डिंग लेहऱ्याच्या, म्हणजे तालाची एकसारखी धून वाजवणाऱ्या, ॲपवर ताडून पाहिलं. सुरुवात मिनिटाला ८४ मात्रांनी झाली होती आणि सहाव्या मिनिटाला मी १०८ वर होते. लय वाढवा असं कुणीच म्हटलं नव्हतं. टाळ वाजवणाऱ्या बायका माझ्यामागे ओढल्या गेल्या. आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या ताईंनी टाळ छातीशी धरले आणि बाजूला जाऊन बसल्या. काही बोलल्या नाहीत, पण ते मला फार लागलं.

मग फोन पायाशी ठेवून चित्रण केलं. त्यात स्वच्छ दिसतं. आधी पाऊल टेकतं, त्यानंतर केसभर उशिरा 'धा' पडतो. पुढच्या आवर्तनात हात पावलाला गाठायला जातो, पाऊल पुन्हा पुढे. असं प्रत्येक आवर्तनाला थोडं थोडं.

तोंडाने बोल म्हणत वाजवलं तर लय बरी राहते, पण दिंडीत मला चरणही धरावे लागणार आहेत, तोंड मोकळं कुठलं? गुरुजींना विचारलं. त्यांनी सगळं आयुष्य बैठकीत वाजवलंय. ते म्हणाले, "हे वारकऱ्यांना विचार, उभ्याने वाजवणं ही त्यांची विद्या आहे." म्हणून इथे विचारतेय. पाय, गुडघा, कंबर, श्वास, लय नक्की कशात धरता तुम्ही? आणि पावली टाकताना हाताने पायाचं ऐकायचं की पायाने हाताचं?

माझा पखवाज नटबोल्टचा आहे, नऊ किलोचा. पट्टा एकच, गळ्यातला.

प्रतिसाद १

रामकृष्ण हरी ताई. मी आळंदीत शिकलो, आता मराठवाड्यात सप्ताहांना साथ करतो.

पहिल्यांदा पखवाज बांधा. नऊ किलो एकट्या मानेवर घेतले तर तो झोपाळा होणारच. धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, ओली कणीक, त्यामुळे त्या बाजूला आणखी वजन, आणि पाऊल टाकलं की तेच टोक आधी झुलतं. दुसरा पट्टा कमरेतून घ्या, पखवाज बेंबीच्या उंचीला अंगाशी घट्ट यायला हवा. भार कमरेवर आला पाहिजे, गळ्यातल्या पट्ट्याने फक्त तोल धरायचा. हे होईपर्यंत लयीबद्दल कुणाचंच ऐकू नका, माझंही नाही.

आता पावलाचं. तुम्ही टाच टेकली की सम धरताय. टाच टेकते तेव्हा अंग अजून मागच्या पायावर असतं. पूर्ण भार पुढच्या पायावर उतरतो तिथे सम आहे. तुम्हाला 'धा' उशिरा वाटतो, पण मला विचाराल तर तो बरोबर जागी पडतोय, घाई पावलाची आहे.

सराव असा करा. पखवाज नको. खांद्याएवढं अंतर ठेवून पाय रोवा. तोंडाने धुमाळी म्हणा: धा धिं धा तिं, तक धिं धागे तिरकिट. पहिल्या 'धा'ला अंगाचा भार उजव्या पायावर, 'तक'ला डाव्या पायावर. मधल्या मात्रांत भार हळूहळू सरकवत न्यायचा, एकदम टाकायचा नाही. पाय उचलायचा नाही. रोज पंधरा मिनिटं, आठ दिवस. मग पखवाज बांधून तेच करा. पावली सगळ्यात शेवटी. तोवर बोल म्हणायची गरज उरत नाही, तोंड चरणासाठी मोकळं होतं.

एक विचारतो. १०८ ला गेल्यावर लय अजून चढत राहिली की तिथेच बसली?

मूळ प्रश्नकर्ती

माउली, आता पुन्हा ऐकलं. तिथेच बसली! शेवटची चार मिनिटं ११० च्या आसपासच आहे. माझं लक्षच गेलं नव्हतं.

प्रतिसाद १

मग तो तुमच्या चालण्याचा वेग आहे. माणूस आपल्या नादात रस्त्याने चालतो तेव्हा मिनिटाला शंभराच्या पुढे पावलं पडतात. पायांना ती सवय जन्माची. ८४ च्या ठेक्यात दर मात्रेला पाऊल टाकलंत की पाय त्याला आपल्या वेगावर नेणारच. दोन मात्रांना एक पाऊल टाका. तेवढ्या सावकाश कुणी चालत नाही, त्यामुळे पायाची जुनी सवय मध्ये येत नाही.

प्रतिसाद २

मी पखवाजवाला नाही, आमच्या घरात संबळ आहे. गोंधळात संबळ कमरेला असतो आणि रात्र उभ्यानेच काढायची असते. वडिलांनी हातात काड्या द्यायच्या आधी उभं राहायला शिकवलं. गुडघा कधीही ताठ नको. ताठ झाला की पोटरी भरून येते आणि पोटरी भरली की ठेका पळतो, कारण अंगाला लवकर संपवायचं असतं. समेला गुडघा सुपारीएवढा खाली, बस. बघणाऱ्याला दिसतही नाही. तुणतुणंवाला समोर उभा असतो, त्याला मात्र माझ्या खांद्यावरून कळतं आणि मला त्याच्या.

अनवाणी सराव करून बघा. जाड तळव्याच्या बुटात जमीन कळत नाही.

प्रतिसाद ३

दिंडीत वीस वर्षं टाळकरी आहे. ताई, तुमचं अंग तुमच्या एकट्यासाठी हलत नसतं, हे लक्षात असू द्या. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पखवाजापासून ३४ मीटरवर उभ्या असलेल्या टाळकऱ्याला तुमचा 'धा' एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. ८४ च्या लयीत तो मात्रेचा सातवा हिस्सा झाला. तो ऐकून वाजवायला लागला आणि त्याचं ऐकून त्याच्या मागचा, तर दिंडीचं शेपूट मागेच राहतं. म्हणून आम्ही कानापेक्षा डोळ्यावर चालतो. पुढच्याचे टाळ वर गेले, पखवाजवाल्याचं अंग समेला उतरलं, की आमचे टाळ पडतात. तुमची सम दुरून दिसली पाहिजे. गुडघा सुपारीएवढा हे गोंधळाला ठीक, तिथे माणसं समोरासमोर असतात. दिंडीत खांदे थोडे मोकळे सोडा.

मूळ प्रश्नकर्ती

हे कुणीच सांगितलं नव्हतं. आमच्या मागच्या रांगेतल्या बायकांना मी "तुम्ही मागे पडता" म्हणून बोलले होते. उद्या त्यांची माफी मागणार आहे.

दिवे घाटाचं काय? चढावर दोन मात्रांना एक पाऊल कसं जमायचं?

प्रतिसाद १

नाही जमत, जमवूही नका. चढावर पाय श्वासाचे, हात ठेक्याचा. तिथे भार उजवीकडे-डावीकडे नेण्याऐवजी कमरेवरचं अंग समेला सोडा आणि चाल विणेकऱ्याकडून घ्या. गर्दी थांबते तेव्हा पावली घ्यायची. कणीक मात्र पाण्याचा हात लावून ओली ठेवा, उन्हात सुकून सुटते.

मूळ प्रश्नकर्ती, सतरा दिवसांनी

कळवायला उशीर झाला. कमरेचा पट्टा चांभाराकडून शिवून घेतला, चार बोटं रुंद. पहिल्याच दिवशी मान मोकळी झाली आणि समेला पुन्हा खाली जायला लागली, न सांगता.

भार सरकवण्याचा सराव आठ दिवस केला. सुरुवातीला उजवीकडून डावीकडे जाताना मी तिसऱ्या मात्रेलाच पोहोचत होते आणि चौथ्या मात्रेला नुसती थांबून राहत होते. म्हणजे घाई हातात नव्हती, कमरेत होती. ती जागा सापडल्यावर बरंच सुटलं. काल पावलीसकट दहा मिनिटं वाजवलं: ८४ ला सुरू, ९० ला शेवट. वडीलधाऱ्या ताई शेवटपर्यंत उभ्या होत्या. मागच्या रांगेला आता मी दिसेन अशी किंचित तिरपी उभी राहते.

एक अडतंय. गजर द्रुत झाला की पावलीही दुप्पट होते. तेव्हा भार सम आणि काल अशा दोनच जागी न्यायचा की पावलागणिक? दोनच जागी नेला तर पाय अडखळतात, पावलागणिक नेला तर पुन्हा पळायला होतं. तुम्ही काय करता, माउली? निघायला अजून अकरा दिवस आहेत.