नाव बसऱ्यात नाही, चकतीवर सापडेल

'पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) पडलेल्या आपल्या माणसांची नावं तिथल्या बसरा शहरातल्या स्मारकावर मिळतील' असं काहीजण सांगतात, ते तितकंसं खरं नाही. तिथे आपल्या हिंदी सैन्यातल्या फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांची पलटणवार नुसती संख्या. फार लागतं हे मनाला.

आमच्या पणजोबांचा धाकटा भाऊ शिरोळ तालुक्यात सालगडी होता, मराठा पलटणीत गेला तो परत आलाच नाही. घरी आली ती काशाची गोल चकती, बारा सेंटिमीटरची; ब्रिटिश सरकार युद्धात गेलेल्यांच्या घरच्यांना आठवण म्हणून द्यायचं ती. तिच्यावर फक्त नाव, हुद्दा नाही. सगळ्यांची चकती मुद्दाम सारखीच ठेवलेली. म्हणून आधी घरचं देवघर, जुन्या ट्रंका बघा. आमची आजीच्या हळदी-कुंकवाच्या डब्याखाली होती.